फक्त पुढचे तीस दिवस

२० जून

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तुला राग येतो, म्हणून मुद्दाम म्हणतेय. घरात मला चिडवायला आता दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा मीच तुला चिडवणार.

फोनवर का बोलत नाहीस, असं विचारलंस. अगं, फोनवर "कशी आहेस?" एवढं कुणी म्हटलं की मी रडायला लागते आणि मग समोरच्यालाच माझी समजूत काढत बसावं लागतं. माझा फोन बंद करून कपाटात टाकलाय. काउंटरवरचा दुकानाचा फोन चालू आहे, पण तो गिऱ्हाइकांसाठी. पत्राचं बरं असतं. रडले तरी तुला दिसत नाही आणि वाक्य पुरं होतं.

दुकान पुन्हा उघडून तीन आठवडे झाले. डोळ्यांचा नंबर काढायला एक बाई आठवड्यातून तीनदा येतात, बाकी सगळा भार काचवाल्या काकांवर. ते नसते तर मी शटरसुद्धा वर केलं नसतं. चाळीस वर्षं मागच्या खोलीत काचा घासत बसलेला माणूस, तुझ्या दादाला हाताला धरून काच कापायला शिकवलेला माणूस, आता बिचारा पुढे येऊन गिऱ्हाइकांना "या, बसा" म्हणतो. ते काही त्यांना जमत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं सोडून नाकाकडेच बघत बसतात, फ्रेम बसेल का म्हणून. आईंना त्याचं फार हसू येतं. आई हल्ली दिवसभर दुकानातच असतात, शेवटच्या खुर्चीवर. घरी एकट्याने त्यांना करमत नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या दादाने वर्षाच्या सुरुवातीला मोठ्या थाटात जाहीर केलं होतं ना, की दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर दर सोमवारी एक अशा वर्षभराच्या पोस्ट आत्ताच लिहून, तारखा लावून ठेवणार? तो गेल्यानंतर दुकान उघडलं, आणि दुसऱ्याच सोमवारी पोस्ट दिसली: "चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. मी बघतोय." मी हातातली फ्रेम खाली टाकली. पुढच्या सोमवारी परत एक. मग तू सांगितलंस तसं कॉम्प्युटरवरच्या त्या मदतनीसाला लिहिलं, की तारीख लावून ठेवलेल्या सगळ्या पोस्ट शोध आणि काढून टाक. मिनिटभरात उत्तर आलं: चार सापडल्या, चारही काढल्या, आता एकही शिल्लक नाही.

चारच कशा, असं मनात आलं खरं. पण तुझा दादा तुला माहीत आहे. सुरुवात ढोल वाजवून, आणि अर्ध्यात कंटाळा. काढताना मी त्या वाचल्या नाहीत. धीर झाला नाही.

पण सुटले बाई एकदाची. तुझे उपकार.

तुझी,
वहिनी

•

२८ जून

प्रिय वहिनी,

उपकार कसले! पण आता विषय काढलाच आहेस तर थोडी फुशारकी मारून घेते. नाहीतरी माझ्या कामाचं कौतुक कुणी करत नाही. आईला अजून वाटतं मी कुठेतरी टायपिंग करते.

तुझा तो मदतनीस, त्याला आमच्याकडे एजंट म्हणतात. त्याला स्वतःला काही दिसत नाही, काही येत नाही. त्याच्या हाताशी साधनं दिलेली असतात. एक तारीख लावलेल्या पोस्ट आणून देणारं, एक त्या काढून टाकणारं, असं. आता कुठलं साधन नेमकं काय करतं हे त्याला कसं कळणार? कुणीतरी ते लिहून ठेवलेलं असतं म्हणून. आणि पोस्ट आणून देणाऱ्या साधनाच्या माहितीचं पान कुणी लिहिलंय? अस्मादिकांनी! तेव्हा तुझं काम त्याने केलं असलं तरी त्याला शिकवलं मी.

गंमत सांगू? माणसं माहितीपत्रक कधी वाचत नाहीत. मिक्सर जळला की मग शोधतात. पण हा एजंट शब्दन् शब्द वाचतो आणि वाचलेलं खरं मानतो. शंका नाही, फाटे फोडणं नाही. असा वाचक मला जन्मात भेटला नव्हता.

दादाचं काहीतरी काम माझ्या हातून झालं, याचं खूप बरं वाटलं गं. शेवटच्या दिवसांत मी पोचलेच नाही. ते डाचत असतं. निदान हे तरी झालं.

काकांना नमस्कार सांग. लहानपणी मला काचेच्या कापलेल्या चकत्या खेळायला द्यायचे, आईच्या नकळत.

तुझी,
टायपिंगवाली

•

२३ जुलै

वन्सं,

काल जे झालं ते घाईघाईत लिहितेय. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

काल सोमवार. शटर वर करते तर बाहेर सात-आठ माणसं उभी. मला वाटलं शेजारच्या दवाखान्याची रांग. तर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आज साहेब स्वतः बसणार आहेत ना?" मी म्हटलं, कोण साहेब? त्यांनी फोन दाखवला. दुकानाच्या पानावर, त्याचा फोटो, त्याची भाषा: "आज मी दिवसभर दुकानात आहे. डोळ्यांची तपासणी फुकट. ज्यांना मी दिसत नाही त्यांनी तर जरूर यावं."

त्यातल्या निम्म्यांना तो गेल्याचं माहीतच नव्हतं. एकेकाला सांगायचं. दर वेळी तेच वाक्य, दर वेळी समोरचा "अरेरे" म्हणणार. मी अकरापर्यंत सतरा वेळा सांगितलं की माझा नवरा गेला.

आणि हे सगळं कमी म्हणून की काय, एका बाईंनी आत येऊन थेट आईंना विचारलं, "तुमचा मुलगा आहे ना आज?" आई उठल्या, हळूहळू चालत तपासणीच्या खोलीपाशी गेल्या आणि पडदा बाजूला करून आत बघितलं. त्यांना माहीत आहे गं सगळं. त्यांची बुद्धी माझ्यापेक्षा शाबूत आहे. तरी त्यांनी बघितलं.

तिथे माझं डोकं फिरलं. यंत्राने तर महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, एकही शिल्लक नाही. म्हणजे हे कुणीतरी हाताने टाकलेलं. पासवर्ड दोघांनाच माहीत, मला आणि काकांना. आणि गेल्याच आठवड्यात काका म्हणत होते, "ताई, एक दिवस फुकट तपासणी ठेवू, जुनी गिऱ्हाइकं परत येतील." मी नको म्हटलं होतं. बस. सगळ्यांसमोर विचारलं त्यांना. ते म्हणाले, "मी नाही केलं." एवढंच. मी म्हटलं, मग काय भुताने केलं? मेलेल्या माणसाच्या नावावर गिऱ्हाईक गोळा करता, ज्या घरचं खाल्लं त्याच घरचे वासे मोजता? म्हटलं, किल्ल्या ठेवा.

त्यांनी किल्ल्या ठेवल्या. एप्रन घडी घालून खुर्चीवर ठेवला. अर्धवट घासलेली एक काच होती, ती कुणाची आहे आणि नंबर काय ते चिठ्ठीवर लिहिलं आणि गेले.

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाहीत.

मी बरोबर केलं ना? तू त्यातली जाणकार. यंत्र असं चुकत नाही ना? एका ओळीत सांग, म्हणजे मला झोप लागेल.

वहिनी

•

२८ जुलै

प्रिय वहिनी,

तुझं पत्र काल मिळालं. वाचून फार वाईट वाटलं. आईला जपायला हवं.

तू विचारलंस त्याबद्दल. यंत्र सहसा चुकत नाही. त्याला जेवढं दिसतं त्यावरून ते सांगतं. कधीकधी काही तांत्रिक कारणंही असू शकतात, ती इतक्या लांबून सांगणं कठीण. उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं व्हायचं.

एक कर. मदतनीसाला पुन्हा एकदा विचार, पण या वेळी तारखा घाल. आजपासून या वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत, असं स्पष्ट लिही. काही निघालं तर काढून टाक. काही असेलच असं नाही, पण खात्री केलेली बरी.

काकांना सध्या आणखी काही बोलू नकोस. रागात माणूस बोलून जातो. सगळं शांत झालं की बघू.

इकडे कामाची गडबड आहे. तब्येतीला जप.

तुझी,
वन्सं

•

४ ऑगस्ट

वन्सं,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. ते हातात पडेपर्यंत मी आणखी काय करून बसले होते, ते आधी ऐक.

मधल्या सोमवारी, २९ तारखेला, परत पोस्ट आली. पासवर्ड मी बदलला होता, तरी आली. मला वाटलं, काकांनी कुठूनतरी युक्ती काढली, सूड घेतायत. पुलापलीकडच्या चष्म्याच्या दुकानात ते काम बघायला जातात असं कळलं होतं. मंगळवारी मी तिथे गेले. मालक काउंटरवर होता, चार गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "या माणसाला ठेवताना विचार करा, आमच्याकडे विश्वासघात करून गेलाय." काका आत होते. त्यांनी मान वर केली नाही. मालकाने त्याच संध्याकाळी त्यांना यायला नको म्हणून सांगितलं.

काल तुझ्या पत्रात होतं तसं, तारखा घालून विचारलं. बावीस. बावीस पोस्ट निघाल्या. वर्षाच्या शेवटच्या सोमवारपर्यंत एकही सोमवार सोडलेला नाही. आयुष्यात एकदा त्या माणसाने हाती घेतलेलं काम पुरं केलं, आणि नेमकं हेच.

काकांनी काही केलं नव्हतं. मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. आई म्हणाल्या, "काय झालं?" बारा दिवसांनी बोललेला पहिला शब्द. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस गं." आणि खरंच आहे ते. मी माझ्या या तोंडाने केलं.

काल संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी रडून सांगितलं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोस्ट कुठून आल्या ते कळलं, बरं झालं. तुम्हाला आता भीती वाटणार नाही." दुकानात या म्हटलं तर म्हणाले, "बघतो." तो आवाज मला माहीत आहे. काच तडकली असेल तर तिच्याबद्दल असंच म्हणतात ते.

आता मला तुझ्याकडून एक हवंय. मदतनीसाने बावीस पोस्ट दिल्या आणि खाली आपणहून लिहिलं: "तारखा दिल्या नाहीत तर या साधनाने फक्त पुढच्या तीस दिवसांतल्या पोस्ट मिळतात." जूनमध्ये तो हे म्हणाला नव्हता. तेव्हा म्हणाला होता, एकही शिल्लक नाही. मग आताच कुठून कळलं त्याला?

आणि तारखा घालून विचार, हे तुला कुठून कळलं?

तू म्हणाली होतीस ना, त्याला तू शिकवतेस?

वहिनी

•

९ ऑगस्ट

वहिनी,

हो. मीच शिकवलं. चुकीचं शिकवलं, आणि मला ते माहीत होतं.

हे साधन ज्याने बनवलं त्या आमच्या अभियंत्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की तारखा दिल्या नाहीत तर हे फक्त पुढचे तीस दिवस बघतं, तेवढं लिहायला विसरू नका. मी लिहिलंही होतं. मग साहेबीणबाई म्हणाल्या, पान लांबलंय, जितकं आटोपशीर तितकं एजंटला सोपं. मी कात्री घेतली. "तारीख लावलेल्या पोस्ट आणून देतं; तारखा न दिल्यास फक्त पुढच्या तीस दिवसांतल्या" याचं केलं "तारीख लावलेल्या सगळ्या पोस्ट आणून देतं." वाक्य काय सुरेख झालं होतं. सगळ्यांनी वाहवा केली. तीस दिवसांचं खाली कुठेतरी घालू, असं मी वहीत टिपून ठेवलं आणि पुढच्या कामाला लागले. सात महिने ते टिपण वहीत तसंच पडून होतं.

माणसाने ते वाचलं असतं तर "सगळ्या म्हणजे किती?" असं विचारलं असतं. तुला नाही का वाटलं, चारच कशा? त्या एजंटला वाटलं नाही. मी लिहिलंय म्हणजे तसंच असणार. मोठ्या तोऱ्यात तुला लिहिलं होतं, असा वाचक जन्मात भेटला नाही म्हणून. तुला शंका आली, पण समोर उत्तर म्हणून माझंच वाक्य होतं. नंतर तू साधं पुन्हा विचारलं असतंस तरी पुढच्या चार दिसल्या असत्या. पण तू का विचारावंस? सगळ्या संपल्या, असं मीच लिहून ठेवलं होतं ना.

पण वहिनी, चूक एवढीच असती तर मी तोंड वर करून लिहिलं असतं. खरं शेण मी नंतर खाल्लंय.

तुझं २३ तारखेचं पत्र २७ला, शनिवारी मिळालं. "एकही शिल्लक नाही" हे तीन शब्द वाचले आणि मला कळलं. आई पडद्यापाशी गेली ते वाचायच्याही आधी. पत्र अर्धं ठेवून मी काय केलं असेल? कॉम्प्युटर उघडला आणि ती ओळ दुरुस्त केली. चार मिनिटं लागली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. मग उरलेलं पत्र वाचलं. काकांनी किल्ल्या ठेवल्या, ते सगळं.

आणि तेव्हा मला काय वाटलं ते सांगते, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. मला हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. दोष काकांच्या नावावर लागलाय, म्हणजे माझ्याकडे कुणी बघणार नाही. ज्या माणसाने मला खेळायला चकत्या दिल्या, त्याच्याबद्दल.

मग मी ते बुळबुळीत पत्र लिहिलं. "तांत्रिक कारणं." मलाच किळस येते आता. शनिवारी संध्याकाळी दुकानाचा फोन फिरवला असता तर दोन मिनिटांत सगळं संपलं असतं. सोमवारची ती पोस्ट आलीच नसती. तू पुलापलीकडे गेली नसतीस. मला नंबर पाठ आहे, लहानपणापासून. मी फोनपाशी गेलेही होते. पण फोनवर तू लगेच विचारलं असतंस, आणि मला लगेच सांगावं लागलं असतं. पत्राला चार-पाच दिवस लागतात. मला ते चार-पाच दिवस हवे होते. त्या दिवसांत काकांची दुसरी नोकरी गेली.

काल ऑफिसात सांगितलं. साहेबीणबाईंना वाटलं मी राजीनामा द्यायला आलेय. चूक कधीची, दुरुस्ती कधीची आणि मी ती गुपचूप केली, हे सगळं आता पानावर वरच लिहिलंय. आणखी किती जणांना "एकही शिल्लक नाही" असं उत्तर मिळालं असेल, ते शोधायला दोघंजण बसलेत. मला ओरडा बसला, तो कमीच बसला.

दादाच्या शेवटच्या दिवसांत मी आले नाही. नंतर त्याचं एक काम केलं म्हणून मिरवलं, आणि ते काम हे असं. तू मला वन्सं म्हणू नकोस आता. ते लाडाचं होतं.

सोबत एक वेगळं पाकीट आहे, ते काकांना दे. त्यात सगळं लिहून माफी मागितली आहे. तू वाचलंस तरी चालेल.

•

१७ ऑगस्ट

वन्सं,

काय म्हणायचं ते मी ठरवेन.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एकीचा नंबर लिहून घेत होते. तीन ओळी वाचल्या आणि उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याला लिहिला. मी तुझ्यावर चिडलेय. फार चिडलेय. "हायसं वाटलं" तिथे पत्र मिटून ठेवलं ते दोन दिवस उघडलं नाही. तू समोर असतीस तर एक ठेवून दिली असती, मग भले पन्नाशीला टेकली असशील.

पण सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस, तेवढी मोठी तू नाहीस. ओळ तुझी होती, बोललं हे माझं तोंड. बावीस वर्षं ओळखत असलेला माणूस समोर उभा राहून "मी नाही केलं" म्हणाला, आणि मी विश्वास ठेवला महिन्यापूर्वीच्या यंत्राच्या उत्तरावर. हे काही तुझ्या पानावर लिहिलेलं नव्हतं.

माझा वाटा मी उचललाय. गेल्या मंगळवारी पुलापलीकडे गेले. मुद्दाम गर्दीच्या वेळी. त्या मालकासमोर, गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, मी त्या दिवशी बोलले ते खोटं होतं, आणि मी मूर्ख आहे. एकजण हसला. मालक म्हणाला, जागा भरली. मग आपल्याच दुकानाच्या दारावर कागद लावला, माझ्या अक्षरात, की काकांवर मी खोटा आळ घेतला. आईंनी तो चारदा वाचला आणि म्हणाल्या, "अजून मोठ्या अक्षरात लिही." लिहिला. त्या आता माझ्याशी बोलतात. तुझ्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत. तुझं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा पडद्याचं आलं तिथे फक्त म्हणाल्या, "पुढे वाच."

तुझं पाकीट मी स्वतः नेऊन दिलं. काकांनी माझ्यासमोर फोडलं. उजेडात धरून, दोन्ही पानं, सावकाश वाचली. घडी घालून परत पाकिटात घातली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, काय सांगू तिला? काका मग म्हणाले, "ताई, आळ माझ्यावर भर दुकानात आला. आणि माफी बंद पाकिटातून?"

रागावून नाही म्हणाले. खरंच विचारत होते. त्याचं उत्तर देणं माझं काम नाही.

ते पाकीट इथे काउंटरच्या खणात आहे. परत पाठवत नाही. आणि आता पत्र लिहू नकोस मला, चांगलं लिहितेस म्हणून तर भीती वाटते. ये. काकांना मी २६ तारखेला, सोमवारी यायला सांगितलंय, ते "बघतो" म्हणाले नाहीत, "येतो" म्हणाले. दुकान दहाला उघडतं, अकरापर्यंत बरीच गर्दी होते.

वहिनी